संतांच्या पायाखालचे चौघे

१४ जून १९८६, शुगर लँड, टेक्सस
"हात चालतायत तोवर मी कुणाच्या दारात बसणार नाही." लग्न होऊन मी इकडे निघाले तेव्हा आबा म्हणाले होते. वीस वर्षं झाली. परवा त्यांना वाईहून घेऊन आले. आई गेली, घरात एकटेच. जन्मभर पाटे-वरवंटे, मूर्ती घडवल्या, आता छिन्नी नीट धरवत नाही. येताना फ्लॉरेन्सला दोन दिवस थांबलो, नवऱ्याचा, सुधीरचा आग्रह. अंग अजून आंबलेलं. बॅगा तशाच.

१६ जून
फ्लॉरेन्समधलं ते जुन्या धान्यबाजाराचं चर्च डोळ्यांपुढून जात नाही. बाहेरच्या भिंतींत कोनाडे, एकेका धंद्याने आपापला संत उभा केलेला. लोकरवाले, चांभार, वैद्य. दार बंद होतं. पण देव रस्त्यावरच, म्हणून आबा खूश. पाथरवटांच्या कोनाड्यात चार संत. पुस्तकातलं वाचून दाखवलं: बादशहासाठी त्याच्या देवाची मूर्ती घडवायला नाही म्हणाले, म्हणून मारले. "पाथरवट मूर्तीला नाही कसा म्हणेल?" आबांना पटेना. मग खालीच बसले. संतांच्या पायाखाली कोरलेले चौघे कारागीर: एक भिंत रचतोय, एक भोक पाडतोय, एक लहान मूल घडवतोय... अर्धा तास हलले नाहीत.

२२ जून
मंडळाचे लोक जेवायला. सुधीरने स्लाइड्स दाखवल्या. एकीत नुसती आबांची पाठ.
कुलकर्णीकाका: "आबा, देव वर आहेत."
"वर बघणारे पुष्कळ होते," आबा म्हणाले.
नंतर सुधीरने सगळ्यांना सांगितलं, आबांचं ग्रीन कार्ड फाइल करतोय. आबांना कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा. ते ताट सारून उठले.
भांडी. दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलेली कथा अर्धीच.

२९ जून
तीन दिवस आबा ऊन चढायच्या आत मागच्या अंगणात खणतायत. मला वाटलं, मिरच्या लावणार. रोपंही आणली. आज बघते तर गुडघाभर खड्डा.
"दगड लागतो का बघत होतो. नुसती चिकणमाती. बाई, मला परत पाठव."
सुधीर म्हणतो, उन्हाने होतं असं. लीना टीव्हीवरून नजर न काढता: "इट्स हिज लाइफ, आई." पंधरा वर्षांची पोर.

३० जून
एजंटला फोन केला. ऑगस्टमधली सीट होल्डवर. सुधीरला सांगितलेलं नाही. वाईला ते पडले-बिडले तर कळवणार कोण? पण अडवू कशी...
आबा झोपून उठले की चहा देताना विचारणार आहे. नाहीच म्हणतील. तरी. आबा, दिवाळीपर्यंत राहाल? तुमच्यासाठी नाही म्हणत. मला इथं फार एकटं वाटतं.