उजव्या बटणाचा उशीर

४ जाने., रवि.
व्हिडिओ गेमच्या आर्केडचं रिकामं कपाट आलं. लिफ्टमध्ये मावेना, चार मजले जिन्याने चढवलं. आता आत काय बसवायचं, तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड की जुना पीसी? लहानपणीचे गेम दोन्हींवर चालतात. बोर्डाने सुरुवात केली. उडीचं बटण उशिरा लागतंय. दर वेळी गडी खड्ड्यात.

७ जाने.
बोर्ड काढून पीसी लावला. उशीर तोच. मुग्धा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायकोला हसायला काय जातंय! मी टेस्टिंगवाला. एका वेळी एकच गोष्ट बदलत जायचं, दोष सापडतोच.

११ जाने., रवि.
टीव्ही बदलला. वायर बदलली. बटणही नवं. उशीर आहेच.
शेवटी उडी डाव्या हाताच्या बटणावर घेतली. उशीर गेला.
बाबांचं आजारपण उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं. आधी शर्टाची बटणं, मग सही, मग

१३ जाने.
ऑफिसातले राघवराव आले होते. तंजावरकडचे, घरात अजून जुनं मराठी. काही न सांगता त्यांना खेळायला बसवलं. तमिळ होकार देत "सरी, पाहतों," म्हणाले आणि उजव्या हाताने सगळे खड्डे पार. उशीर कुठे आहे, असं मलाच विचारत होते. आता नसेल, म्हटलं.

१५ जाने., पोंगलची सुट्टी
मुग्धा शेजारी गेली तेवढ्यात मोबाइल स्लो मोशनवर लावला. तोंडाने "हं" म्हणायचं आणि दाबायचं. दहा वेळा. बटण दाबताक्षणी पडद्यावरचा गडी उडतो. बोटच "हं"च्या मागे राहतं. खूप भीती वाटते. जेवलो नाही.

१८ जाने., रवि.
अड्यारच्या मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. मुग्धाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.
चहाच्या वेळी तिने विचारलं, कुठला ठेवायचा ते ठरलं का. म्हटलं, बोर्डच. त्याच्यात काही दोष नाही.
"मग इतके दिवस काय बदलत होतास?"
व्हिडिओ लावून फोन तिच्या हातात दिला. दोनदा पाहिला. तिने बाबांचं सगळं केलंय, समजवावं लागलं नाही. माझा उजवा हात धरून विचारलं, "कधीपासून?"
म्हटलं, याच महिन्यात.
दिवाळीत आकाशकंदिलाची गाठ मला मारता आली नव्हती, तेवढं सांगितलं नाही.