वेशीवरचा बैल मीच होणार

३ मार्च
मोसूलमध्ये कार्टूनचा सिनेमा निघतोय. वेशीवरचे दगडी बैल, पंखवाले, तोंड माणसाचं, दाढी छातीपर्यंत. शहरावर सैतान चालून आला की जिवंत होतात. बैलाला आवाज हवाय. शोधतायत कशाला? मी आहे ना. आमचे हे, अल्ला त्यांना सुखात ठेवो, माझ्या हाकेला जन्मभर दचकले. आणि दाढीचं म्हणाल तर हनुवटीवर दोन केस आहेतच.
शेजारची नाहिदापण जाणार म्हणे. तिचा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी.
निश्चय: आजपासून नाहिदाला माझा उंबरठा बंद.

४ मार्च, सकाळ
नाहिदा आली. दारातच उभी, मग काय करणार. चहा प्यायली, भट्टीतले गोड क्लेचे खाल्ले, वर म्हणते खजूर कमी पडलाय. मेलीला हे शेवटचं.

९ मार्च
आवाजाची परीक्षा. डायरेक्टर आमच्याच गल्लीतला दुरैद, मला मावशी मानतो, खाला म्हणतो. लहानपणी चड्डीशिवाय हिंडायचा, ते सगळ्यांसमोर सांगितलं. ओळख दाखवलेली बरी.
वाक्य दिलं: थांब! या शहरात तुला जागा नाही!
अशी ओरडले की गच्चीवरची कबुतरं उडाली. दुरैद म्हणाला, खाला, बैल तूच. नाहिदाने टाळ्या वाजवल्या. आतून जळून कोळसा.

११ मार्च
भाजीवाल्यावर सराव केला. गाडी सोडून पळाला. तयारी उत्तम.

१६ मार्च
रेकॉर्डिंग. सैतान कोण, तर औषधवाला हिकमत. वाळकी काडी. तो म्हणाला, लांबून आलोय, दार उघड. मी म्हणाले, ये बाबा, जेवलास का?
निघून गेलं तोंडातून. दारातल्या माणसाला आधी जेवू घाल, काम मग विचार, असं आईने शिकवलंय. पुन्हा घेतलं. थांब! म्हणाले, अगदी कडक. थांब, ताट वाढते.
दुरैदने डोकं धरलं. खाला, तो शहर खायला आलाय! मी म्हटलं, म्हणजे भुकेलाच ना?
चूक हिकमतची. सैतानाने एवढं बारीक असू नये.

१७ मार्च
काळीज दगडाचं करायचा सराव. नाहिदा आली. दारातूनच ओरडले, थांब! थांबली. उन्हात. घाम पुसत. खिमा भरलेला कुब्बा नुकताच उकळून काढला होता, गार झाला असता. आत घेतली. सराव अर्धा झाला.

२० मार्च
दुरैदचा फोन. बैल नाहिदाला. मला छोटं पण महत्त्वाचं काम, माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही म्हणे, आणि आवाज आधीच घेऊन झालाय. म्हणजे मुख्यच. पोरगा घाबरून स्पष्ट बोलत नाही.
निश्चय: नाहिदाचं तोंड बघायचं नाही. (संध्याकाळी बघितलं. साखर मागायला आली होती.)

२ नोव्हेंबर
सिनेमा लागला. नाहिदा डुरकली. बरी डुरकली, म्हणजे वाईटच. सैतान वेशीवरून पळाला. मग मागच्या गल्लीत एक दार वाजवलं. आतून म्हातारी म्हणाली, ये बाबा, जेवलास का? आणि कडी काढली.
तो माझा आवाज.
अर्धं शहर जळालं. थिएटरभर बायका खिदळल्या, अगं खालाने उघडलं! शहर मी बुडवलं, उरलेलं वाचवलं नाहिदाने.
घरी येऊन कडी घातली, वरून खुर्ची लावली. आता जन्मात उघडणार नाही, सैतान येवो की नाहिदा.

त्याच दिवशी, जेवणानंतर
नाहिदाला कुब्बा आवडला. डबाही भरून नेला. उद्या परत आणते म्हणाली. उद्या मात्र दार बंद म्हणजे बंद.
दोल्म्यात भात भरायला द्राक्षाची पानं तेवढी जरा जास्त भिजत घातलीत.