डावा खिसा

११ एप्रिल, सोमवार

प्रिय खारूताईस,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि लांबूनच एक टपली. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, पण कामाने मान वर करू दिली नाही. आमच्या कारखान्यात दातांच्या कवळ्यांची नुसती रीघ लागली आहे. वसंत आला की म्हाताऱ्या माणसांना हसावंसं वाटत असावं. तुझी सर्दी गेली का?

काल आम्ही कारखान्यातले सगळे सहलीला गेलो होतो. शहरापासून दोन तासांवर एक रँच आहे. घोडे, मेंढ्या, लाकडी कुंपण, आणि त्यामागे नजर पोहोचेल तिथवर रानफुलं. बसच्या खिडकीतून आधी पिवळं दिसलं, मग निळं, मग नुसतंच काहीतरी हलणारं. खाली उतरल्यावर कुणी मोठ्याने बोलेचना. फुलं गुडघ्याच्या वर आलेली. चालताना आपलेच पाय दिसत नाहीत, त्यामुळे आपण चालतोय की वाहत चाललोय तेच कळत नाही. मधमाश्यांचा आवाज सगळीकडून येत होता. मी किती वेळ तशीच उभी होते देव जाणे.

सकाळी गारठा होता म्हणून मी तुझा तपकिरी कोट घातला होता, तू खुंटीवर विसरून गेलेला. बाह्या मला अजून आखूडच होतात.

खरं सांगू? गारठा नव्हता. आणि ही सहल मीच सुचवली होती.

दर वसंतात तू मला एकच गोष्ट विचारतेस. तांबडीला पुरलं तिथे फुलं आली का? अकरा वर्षं मी लिहिते आहे, आली गं, भरपूर आली. तू त्या जागेसाठी पाठवलेल्या बिया अजून माझ्या कपाटात आहेत. त्या पेरायला जागाच नव्हती. तुझी घोडी पोटशूळाने मेली नाही. मी तिला देऊन टाकलं होतं, या रँचला.

थांब. पत्र फाडू नकोस.

तू नोकरीसाठी निघालीस तेव्हा दारातून म्हणालीस, "ताई, बघशील ना दोघांकडे?" आणि उत्तर न ऐकताच गेलीस. घरात अंथरुणाला खिळलेले बाबा, आणि बाहेर रोज संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून उभी राहणारी तांबडी. मला तुझा फार राग आला होता. बाबांना कुणाला देता येत नव्हतं, तिला देता आलं. 'दिली' असं लिहिलं असतं तर तू पहिल्या गाडीने येऊन माझ्याशी भांडली असतीस. म्हणून 'मेली' लिहिलं. तू रडलीस, आणि तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे.

रँचच्या मालकीणबाईंना मी तिच्याबद्दल विचारलं.

"ती म्हातारी होय? हाका मारून उपयोग नाही हो. कानाने कमी ऐकते, आणि मनात आलं तरच येते."

लांब निळ्या फुलांत ती पोटापर्यंत बुडून उभी होती. मी कुंपणाशी थांबले. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि निघाली, अगदी सावकाश. तिच्यामागे फुलं पुन्हा एकत्र येत होती. मी उजव्या खिशात गाजर ठेवलं होतं. ती आली, कोट हुंगला आणि डाव्या खिशात तोंड घातलं. तो रिकामा होता. तरी तिने तोंड काढलं नाही.

"हे कुणी शिकवलं हिला?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी खिशात काही ठेवत नाही."

"माझ्या बहिणीने. ती डावखुरी आहे."

मग मला रडू आवरेना. आमच्या कारखान्याच्या मॅनेजरबाईंना वाटलं, मला फुलांची अ‍ॅलर्जी आहे. त्यांनी गोळी दिली, मी मुकाट्याने घेतली.

धंद्याची खोड, तिचे दात पाहिले. पार झिजलेत. सव्वीस वर्षांची झाली की गं. घोड्याची कवळी अजून कुणी मागवलेली नाही, नाहीतर मीच केली असती. मालकीणबाई म्हणतात, हा वसंत निघेल, पुढच्याचं काही सांगवत नाही.

माफी पत्रातून मागणार नाही. समोर उभी राहून मागेन, म्हणजे तुला मनसोक्त ओरडता येईल. फुलं अजून पंधरा दिवस आहेत. कोट आजच पार्सलने पाठवते आहे. धुतलेला नाही, डाव्या खिशाला तिची लाळ लागली आहे. तो घालून ये. गाजर कुठे ठेवायचं ते तुला सांगायला नको.

तू म्हणू दिलंस तर अजूनही,
तुझीच ताई