नवसाचे पोहे

१२ नोव्हेंबर १९६२, ओफाकिम, इस्रायल
जमलं! जौनपुरीची ती मींड आज तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा सूर जागेवर. तेही गिरणीत आठ तास धाग्यांशी झटून आल्यावर! आई पलीकडून — "बत्या, पुरे गो तुजी टुणटुण." पण सतारीजवळ टांगलेलं कापड तिनेच भिजवून ठेवलं होतं. इथल्या कोरड्या वाऱ्याने भोपळा तडकायचा ना! बाईचं सगळं असं उलटं.

२० जानेवारी १९६३
जेरुसलेमच्या विद्यापीठातल्या प्रोफेसर एलिएझरना नोकरीसाठी पत्र टाकलं. मुंबईची एम.ए., अठरा वर्षांची तालीम, सगळं लिहिलं. हिब्रू बेनीने तपासली. धाकटा भाऊ माझा, पण चुका काढताना अगदी हेडमास्तर.

३० जून
उत्तर नाही.

३ डिसेंबर
मावशीने ठाण्याहून धाडलेला पोह्यांचा डबा आला. मी फोडणीचं तेल काढेपर्यंत आईने तो कपाटावर चढवलासुद्धा. "हात लावायचा नाय. नवसाचे हायेत. एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललेय."
"कसला नवस?"
"झाला म्हंजे कळंल."
कळलंच की! माझ्या नोकरीशिवाय दुसरं काय आहे या घरात? उगीच चिडते मी तिच्यावर.

२ मार्च १९६४
बोलावणं आलं! पंधरा मिनिटं वाजवा, मग हिब्रूत समजावून सांगा.

११ मार्च
मुलाखत गाजवली! सकाळी दहाला जौनपुरी, वेळही त्याचीच. पंधराची चाळीस मिनिटं झाली, एकानेही घड्याळ पाहिलं नाही. मग हिब्रू. मींडेला शब्दच सुचेना! सरळ प्रोफेसरांना म्हटलं, या, ओढून बघा तार. ओढली आणि केवढ्याने ओरडले! मी माझी घट्टे पडलेली बोटं दाखवली. सगळे हसले. एकाने विचारलं, "आणि गिरणीत काम करता?" म्हटलं, "हो. तिथे तुटलेले धागे जोडते." मान ताठ ठेवून म्हटलं.

७ एप्रिल
पत्र! नेमणूक! ऑक्टोबरपासून मी विद्यापीठात शिकवणार — मी, ठाण्याची बत्या! बेनी "कोल हाकावोद, बाय! शाब्बास!" असं ओरडत शेजारीपाजारी सांगत सुटला.
आई डोळे दाखवायला बीरशेबाला गेलेली. म्हटलं, परत येईल तेव्हा नवस फेडलेला बघेल. डबा काढला. पोहे भिजवले, साखर, वेलची, खजूर. ओला नारळ कुठला इथे? होता तो वाळका कीस घातला. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमले, प्रार्थना झाली, ताट फिरलं.
आई दारात आली तेव्हा सगळे खात होते. उभीच राहिली. मग डोक्यावर पदर घेऊन बसली, आपला घास घेतला. "खोबरं कमी पडलं," एवढंच म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. सोन्याचा दिवस!

८ एप्रिल
आज आईने सांगितलं. नवस ठाण्याला परत जायचा होता. आम्ही तिघांनी, कायमचं.
मी रडले. माफी मागितली. ती म्हणाली, "सगळ्यांनी खाल्ला मलिदा, तुज्या नोकरीचा म्हणून. आता फिटलेला नवस मागं कसा घ्यायचा?" आणि सतारीचं कापड भिजवायला उठली.