निळा टाईट

९ मार्च १९६४

टाईट मिळाला! कसरतीच्या शिक्षिकेच्या परीक्षेला हाच लागतो — निळा, अंगाला घट्ट, ताणला की लांबणारा. एरवी एवढासा, दीड वितीचा. राजापेठेतल्या दुकानदाराने बांधताना विचारले, "बाई, लेकराचं वय काय?" मी म्हटले, "अठ्ठावीस." घरापर्यंत हसू दाबत आले. आमचे हे संक्रांतीला वारले, त्यानंतर पहिल्यांदाच.

पास झाले तर शाळेतली नोकरी पक्की. नाही तर सासूबाई आणि मी दोघी दर्यापूरला, दिरांच्या दारात.

सासूबाईंना टाईटचे सांगितलेले नाही. ट्रंकेत, तळाशी.

१० मार्च

आज सासूबाईंनी घागर उचलू दिली नाही! "ठेव ते. मी आणतो." वर दुधाचा पेला, सायीसकट. का, म्हणून विचारले तर, "पी मुकाट्यानं." प्याले. रोज मिळाला तरी नाही म्हणणार नाही.

११ मार्च

टाईट ट्रंकेत नाही! परवा परीक्षा!

शेजारच्या पंचफुलाबाईंनी कोपऱ्यात ओढले. "काहून वो, आधीच आणून ठेवले लेकराचे कपडे? जन्माच्या आधी आणू नाई. तुह्या सासूनं माह्या घरी लपवाले देल्ले, नजर नको लागाले म्हून."

म्हणजे दूध, घागर — सारे नातवासाठी! खूप हसले. मग हसवेना.

१२ मार्च

तोंडाने सांगणे जमेना. टाईट परत आणला, दार लावून घातला आणि सासूबाईंपुढे उभी राहिले.

त्यांनी डोळे झाकले. मग बोटांच्या फटीतून पाहिले.

"हे तुह्यं आहे?"

"हो."

"अन् पोटात?"

"काही नाही."

भिंतीकडे वळल्या. यांचा फोटो तिथेच आहे. मग म्हणाल्या, "दूध फुकट गेलं." आणि माझ्याकडे वळून, "चाल, दाखव काय करतं ते."

हातांवर चालून दाखवले. पदर तोंडात कोंबून हसल्या, डोळे पुसत पुसत. "उद्या मी बी येतो. नापास झाली तं पाह्य!"

१३ मार्च

परीक्षेआधी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासले. मला थांबवले. "तिसरा महिना आहे. उडी मारायची नाही." पाळी दुःखाने चुकली, असे मी धरून चालले होते. परीक्षा पुढच्या साली द्या म्हणाल्या.

मैदानावर सासूबाई पुढच्या रांगेत. बायकांना सांगत होत्या, "पाहा आता, माही सून उलटी उडी मारते!"

जाऊन कानात सांगितले.

"खोटं! एकडाव फसलो, आता नाई फसत. मार उडी!"