किल्ली फिजाकडे राहील

मी, शकील इब्राहिम मुकरी, वय त्रेसष्ट, धंदा स्वतःची टुरिस्ट गाडी चालवणे, राहणार उरण नाक्याजवळ, पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी दबाव टाकलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. उलट घरातले सगळे लिहू नका म्हणून मागे लागले आहेत. वकील शैलेश यांनी एक मसुदा टाईप करून दिला होता. चांगला होता, पण वाचताना त्यातला मरणारा माणूस कोण तेच कळेना. म्हणून हाताने लिहितो. जीव थाऱ्यावर नाही, दर चार ओळींनी उठावंसं वाटतं. अक्षर वाकडं गेलं तर ते त्यामुळे गेलं असं समजावं.

लिहिण्याचं कारण असं की माझ्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या आहेत. डॉक्टर बायपास करा म्हणतात आणि मी रमजानपासून आज-उद्या करतो आहे. आयुष्यभर कोणी हातात यादी दिली की त्यातलं गरजेचं किती आणि खपवायचं किती, हे मी शोधत आलो. गाडीचं मला कळतं. छातीचं कळत नाही. डॉक्टर खरं बोलतात की शोरूमवाल्यासारखं बोलतात हे ठरवता येत नाही, आणि ते न ठरवता टेबलावर आडवं व्हायला मन धजत नाही.

कलम १. घर. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव यांची वाटणी शरियतप्रमाणे होईल, त्यात मी डोकं घालत नाही. एवढंच लिहितो की माझी पत्नी बिल्कीस हिला तिच्या हयातीत या घरातून कोणी हलवू नये. मुलगा ओवेस आणि सून तूबा खारघरला राहतात, त्यांची जागा मोठी आहे, लिफ्ट आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. पण बिल्कीसला खिडकीतून नाका दिसल्याशिवाय चहा जात नाही. सांभाळायला नेतो म्हणून तिला तिथे नेऊन बसवू नका.

कलम २. हत्यारं. मस्कतला कंपनीची गाडी चालवत होतो तेव्हा घेतलेली पान्यांची लोखंडी पेटी माझा दोस्त काशिराम, करंजाचा नाखवा, याला द्यावी. तो नात्यातला वारस नाही, त्यामुळे त्याला द्यायला कायद्याची हरकत नाही. तेरा नंबरचा पाना पेटीत मिळणार नाही. तो काशिरामने आधीच नेला आहे आणि नाही म्हणतो.

(इथे उठून खाली गेलो होतो. गाडी जागेवर आहे. तिला काय पाय फुटणार आहेत? तरी बघून आलो.)

कलम ३. गाडी. माझी सात सीटची पांढरी गाडी, परमिटसकट, माझी मुलगी फिजा हिला द्यावी.

याचं कारण ओवेसला वाचता यावं म्हणून सविस्तर लिहितो. फिजा सासरहून परत आली तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी तिला शिवणकाम सुचवलं. ती म्हणाली, "अब्बा, मला टॅक्सीचा बिल्ला काढून द्या." बिल्ला काढला. आज ती विमानतळाची भाडी करते, कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणाऱ्या शाळेच्या बाईंना नेते, पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येते. तिचं पोट या गाडीवर आहे. ओवेस म्हणतो, "अब्बा, ती गाडी विकून टाका, फिजाला मी आमच्या ऑफिसात कुठेतरी चिकटवतो." बहिणीवर त्याचा जीव आहे, यात शंका नाही. पण तिला काय हवंय हे त्याने एकदाही विचारलेलं नाही.

शिवाय गाडी ओवेसच्या हाती टिकणार नाही. एकदा मी आजारी असताना त्याने ती हायवेवरच्या शोरूममध्ये सर्विसला नेली. तिथे हृतिक नावाचा, केसांना जेल लावणारा पोरगा टॅबलेट घेऊन उभा असतो. त्याने जे जे वाचलं त्याला ओवेस हो म्हणत गेला. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग, एसीचं जंतुनाशक, आतल्या सीटांना फेस, बाहेरून कोटिंग. गाडी घरी आली तेव्हा तिला अत्तराचा वास येत होता आणि टायरची अदलाबदल करायची राहून गेली होती. मी विचारलं तर म्हणतो, "अब्बा, सगळंच करून टाकलं, परत कटकट नको." कटकट नको म्हणून जो सही करतो त्याच्यासाठीच ती यादी बनवलेली असते.

फिजाचं वेगळं आहे. ती पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन गेली. हृतिक म्हणाला, "मॅडम, इतक्या किलोमीटरला सगळेच करून घेतात."

"सगळे करतात ते राहू द्या. कंपनीने पुस्तकात कुठे लिहिलंय ते दाखवा."

"पुस्तकात नसतं मॅडम, हे आमचं रेकमेंडेशन असतं."

"मग ब्रेक पॅड बदलायचे म्हणालात, ते चाक काढून दाखवा. किती उरलेत बघू."

चाक काढलं. पॅड अर्ध्याहून जास्त होते. तिने इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर आणि एअर फिल्टर एवढं ठेवलं. एअर फिल्टर पुस्तकात सांगितलंय त्याच्या आधीच बदलला, कारण कळंबोलीच्या ट्रेलरमागे उभं राहून गाडी जी धूळ खाते ती पुस्तक लिहिणाऱ्याने बघितलेली नाही. मग तिने मला फोन करून विचारलं, ब्रेक ऑइलचं काय करू? मी म्हटलं, मुळीच नाही, गाडी या काळात फिरलीच कुठे? मी आजारी, तुझा बिल्ला आत्ता कुठे हातात आला, तोवर गाडी उभीच. कशाला बदलायचं?

तिने बदललं.

ती घरी आल्यावर मी भांडी आपटावीत तसा आवाज केला. माझं ऐकायचं नसेल तर विचारतेस कशाला, वगैरे. ती शांतपणे पुस्तक उघडून समोर बसली. "अब्बा, इथे बघा. इतके किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. गाडी उभी होती म्हणून तेल थांबलं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढतच होतं. खंडाळ्याचा घाट उतरताना मला हे ब्रेक लागतात."

आम्ही भाड्याच्या गाडीवाले सगळं किलोमीटरात मोजतो, वय, संसार, पोराबाळांची लग्नंसुद्धा. उभी गाडीही जुनी होते हे आम्हाला सुचत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की गाडी हिचीच.

फिजाला सूचना. टायमिंगचा पट्टा सांगितल्या वेळी बदलायचाच, तिथे काटकसर नाही. कूलंटही तसंच. गाडीखालच्या कोटिंगला मी घाटावरच्या माणसाला नको म्हणेन, पण तू उरणच्या जेट्टीवर तासन्‌तास उभी असतेस, खारा वारा पत्रा खातो, तेव्हा ते करून घे. नायट्रोजनच्या हवेपायी वेळ घालवू नकोस, साधी हवा वेळच्या वेळी बघ. जुना पार्ट कायम परत माग, घरी आणून फेकून दिलास तरी चालेल.

कलम ४. हृतिक याजबद्दल. त्याला माझ्याकडून काही नाही. मयतीला आला तर चहा द्यावा. तो वाईट पोरगा नाही, त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट आहे. पण मी गेल्यावर फिजाला बाईमाणूस समजून पुन्हा इंजिन फ्लश विकायला बघेल, तर मी त्याला कबरीतून शाप देईन, हे त्याने लक्षात ठेवावं.

कलम ५. हे कलम लिहायचं नव्हतं, पण लिहावं लागत आहे.

वरचं वाचून वकील शैलेश यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "शकीलभाई, मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, तुम्ही ऐकत नव्हता. कलम तीन टिकायचं नाही."

मुसलमानाला मृत्युपत्राने एक तृतीयांश देता येतं, तेही परक्याला. वारसाला काही जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते आणि ती मी मेल्यावर. आज ओवेसने सही केली तरी तिला अर्थ नाही. म्हणजे मी डोळे मिटले की गाडीत बिल्कीसचा हिस्सा, ओवेसचा हिस्सा, फिजाचा त्याच्या निम्मा. ओवेस म्हणाला विका, तर गाडी विकायला लागेल.

मी उठलो. बसलो. परत उठलो. बिल्कीस म्हणाली, "अल्लाचं नाव घ्या आणि एका जागी बसा, माझ्याच्याने बघवत नाही." मी शैलेशना विचारलं, दुसरा मार्ग? ते म्हणाले, हिबा. जिवंतपणी भेट द्यायची. बोलून द्यायची, तिने कबूल म्हणायचं आणि ताबा द्यायचा, म्हणजे किल्ली तिच्या हातात आणि तुमच्या हातातून गेलेली. आरटीओचे कागद मागाहून होतील.

"मग आत्ता देतो," मी म्हटलं.

"द्या. पण एक ऐका. मरणाच्या दुखण्यात दिलेली भेट मृत्युपत्रासारखीच धरतात. ऑपरेशन टाळून तुम्ही याच दुखण्याने गेलात, तर हिबाही गेला. बरे होऊन हिंडू-फिरू लागलात तर गाडी फिजाची, मग कोणी काही करू शकत नाही."

काशिराम शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "शकीलभाय, माझ्या बोटीचा इंजिन मी बंदरावरच उघरून बघतो. का, तर दर्यात बंद परला तं ढकलाला कोन येनार हाय? तू दर्यात जायाची वाट बघतंस."

मी म्हटलं, डॉक्टर यादी वाढवून सांगत असतील तर?

यावर फिजा बोलली. "अब्बा, मी दुसऱ्या दवाखान्यात तुमच्या अँजिओग्राफीची सीडी दाखवून आले. तिसऱ्यातही. ज्याच्याकडे ऑपरेशन होतच नाही त्यालासुद्धा विचारलं. तिघेही एकच बोलले. चाक काढून बघितलंय अब्बा. पॅड संपलेत."

मला मरणाची भीती वाटते. हे कायद्याच्या कागदात लिहितात की नाही माहीत नाही, मी लिहितो. यादीचं कारण मीच पुढे करत होतो. टेबलावर झोपलो आणि उठलोच नाही तर, एवढंच मनात होतं. आता नवीन भीती लागली आहे की न झोपता गेलो तर पोरीची गाडी जाईल. दोन्ही भीत्या शेजारी ठेवल्या तर दुसरी मोठी आहे.

ओवेसला बोलावून घेतलं. सगळं त्याच्यासमोर सांगितलं. तो बहिणीकडे बघून म्हणाला, "मला वाटायचं ही नाइलाजाने चालवते." फिजा म्हणाली, "भाई, तू कधी मागे बसलासच नाहीस."

त्यानंतर मी सर्वांदेखत गाडी फिजाला दिली. ती कबूल म्हणाली. किल्लीतून मस्कतचं पितळी कडं काढायला गेलो, आठवण म्हणून. मग तेही राहू दिलं, नाहीतर शैलेश म्हणायचे ताबा अर्धाच दिला. सबब कलम ३ रद्द समजावं. खोडू मात्र नये, त्यातल्या सूचना फिजाच्या कामाच्या आहेत.

कलम ६. ऑपरेशनची तारीख मी स्वतः फोन करून घेतली. हा कागद बिल्कीसच्या कपाटात राहील. सगळ्यांनी दुआ करावी. मी परत आलो तर या कागदात गाडीचा विषयच उरणार नाही, आणि मला तेच हवं आहे. नाही आलो, तर ओवेस, कायदा तुझ्या बाजूने असेल. तेव्हा एकदा, विकायच्या आधी, बहिणीच्या गाडीत मागच्या सीटवर बस आणि तिला घाट उतरताना बघ. मग तुला जे योग्य वाटेल ते कर.

वरील मजकूर मी वाचून, समजून, माझ्या मर्जीने लिहिला आहे. खालील साक्षीदार मागच्या सीटवर बसून माझी सही बघत आहेत. दवाखान्यात निघताना सही राहिल्याचं आठवलं, म्हणून गाडीतच करतो. सही ओबडधोबड आली आहे, कारण इंजिन चालू आहे. बसल्या बसल्या माझा पाय सारखा ब्रेक दाबायला जातो. डाव्या सीटपुढे ब्रेक नसतो. तो फिजाच्या पायाखाली आहे आणि त्यातलं तेल नवीन आहे.

सही: शकील इब्राहिम मुकरी

साक्षीदार:
१. काशिराम नाखवा, राहणार करंजा, तालुका उरण (तेरा नंबरचा पाना सापडला, परत करतो असं तोंडी म्हणाला)
२. शैलेश, वकील, पनवेल

ठिकाण: उरण नाका, पनवेल
दिनांक: १९ मे २०२५