तिसरीचा वर्ग आणि माझा आवाज

८ जुलै, सोमवार
आज तिसरीच्या पोरांना पुस्तक उघडूच दिलं नाही! जुन्या मोज्यांचे बाहुले केले. बटणांचे डोळे, लोकरीचे कान. माझ्या हातात शेळी, तनुजाच्या हातात म्हातारी. मग गोष्ट — एकेकानं एकेक वाक्य जोडायचं. म्हातारी शेळीला विकायला लोहा गावच्या बाजाराला निघाली. शेळी अडून बसली. तनुजा एकदम खेकसली, "चल गं, लई नखरे करून राहिलीस!" वर्ग हसून लोळला. मग तेच वाक्य सगळ्यांनी वहीत लिहिलं. धडा लिहा म्हटलं की माना खाली जातात. आज चौदाच्या चौदा जणांनी लिहिलं!

हेडमास्तर शेषेराव सर दारातून म्हणाले, "संगमेश सर, खेळ बस झाला. धडे किती झाले?"
होतील की.

१९ जुलै, शुक्रवार
शेळी बोलली की पोरं हसतात. आज वेगळं हसली. हरिओम म्हणाला, "सर, तुमची शेळी आजारी हाय का?" दोन महिने झाले, घसा बसलाय. घरी महानंदा रोज हळदीचं दूध देते, रोज म्हणते — नांदेडला दाखवा.

२७ जुलै, शनिवार
नांदेड. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. तुकडा तपासायला घेतला. "तंबाखू?" — वीस वर्षं, म्हणालो. महानंदा खिडकीबाहेर बघत राहिली. किती वेळा पुडी लपवली होती तिनं!

५ ऑगस्ट
कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल. लातूरला. "जीव वाचेल. आवाज राहणार नाही."
"मग शिकवायचं कसं?" डॉक्टर कागद चाळत राहिले.
बसमध्ये महानंदा म्हणाली, "तुम्ही असलात म्हणजे झालं. आवाज काय करायचाय मला?" असं म्हणाली अन् पदर तोंडाला लावला.

८ ऑगस्ट, गुरुवार
शेवटचा दिवस. शेळी हरिओमच्या हातात दिली. म्हणालो, आता तुम्हीच बोलायचं, मी ऐकणार. "सर, तुम्ही का न्हाई?" — तनुजा. खोटं सांगणार होतो. जमलं नाही. ऑपरेशनचं सांगितलं, आवाज जाणार तेही.
"कधीच येणार न्हाई?"
"न्हाई."
हरिओमनं विचारलं, "मग आम्हाला रागावणार कोण?"
गोष्ट त्यांनीच पुरी केली. म्हातारीनं शेळी विकली नाही. बाजारातून परत आणली. का, विचारलं. तनुजा म्हणाली, "घरात तिच्याबिगर बोलायला कोण हाय तिला?"
फळा पुसायच्या निमित्तानं पाठ केली.

२२ ऑगस्ट, लातूर
आज पेन धरता आलं. १३ तारखेचं लिहायचं राहिलंय. ऑपरेशनला आत नेण्याआधी महानंदा म्हणाली, "काहीतरी बोला की." आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं. सगळं पळालं. तोंडातून निघालं — "घरची पाण्याची मोटार बंद केली होतीस का?"
"केली," म्हणाली. हसली, मग रडायला लागली.
माझं शेवटचं वाक्य हे! मोटार!

१७ सप्टेंबर
लातूरला तपासणीला निघालो होतो. स्टँडवर पोचेपर्यंत बस सुटली. हाक मारायला तोंड उघडलं.
बस गेली.

२१ नोव्हेंबर
शेषेराव सर घरी आले. "तुम्ही आता ऑफिसातलं बघा, रजिस्टरं ठेवा. तिसरी मी घेतो." रागानं नाही, मायेनंच म्हणाले. पाटीवर लिहून दाखवलं — एक दिवस वर्ग द्या, मग ठरवू. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "सोमवारी या."

२५ नोव्हेंबर, सोमवार
वर्गात गेलो. चौदा पोरं. आवाज नाही. वाटलं, गळ्यातलं भोक बघून भ्याली. रुमाल नीट केला. फळ्यावर लिहिलं — गोष्ट सांगा. कोणी बोलेना. मग तनुजानं वही वर धरली — "सर तुमी बोलत न्हाई म्हनून आमी पन बोलनार न्हाई." तिच्यामागं एकेक करून सगळ्या वह्या वर. तेच वाक्य, ज्याच्या त्याच्या अक्षरात.
मोठ्या अक्षरात लिहिलं — बोला रे पोरांनो!
वाचलं सगळ्यांनी. मनातल्या मनात.